तिळ्यांमधला चौथा

दवाखान्यातली आया नेमकं काय करते, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. बादली आणि फडकं दिसलं की माणसांना वाटतं, झालं, हिचं काम कळलं. मी जालन्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात लेकरांच्या खोलीत आया होते. तो दवाखाना आता बंद झालाय, तिथं कपड्यांचं दुकान आहे. नाव लिहीत नाही. माझं काही बिघडणार नाही, पण तिथल्या चार बऱ्या माणसांचं नाव उगाच खराब होईल. शाळा माझी चौथी. पुढचं वाचन औषधांच्या खोक्यांवर आणि जुन्या मासिकांवर झालं, तेव्हा लिहिण्यात कुठं घसरले तर तुम्ही सावरून घ्या.

लेकरांची खोली म्हणजे दिवस भरायच्या आत जन्मलेल्या लेकरांची खोली. सातव्या महिन्यातलं लेकरू तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी असते, खालच्या निळ्या शिरा दिसतात. कान मुडपला तर मुडपलेलाच राहतो, परत उभा राहायचं बळ त्यात नसतं. रडलं तर मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. म्हणून काचेची पेटी. पेटीला खालून ऊब मिळते, वरती झाकण असतं आणि बाजूला हात घालायला दोन गोल दारं असतात. पुसणं, पाजणं, बदलणं, सगळं त्या गोल दारांतून करायचं. झाकण उघडलं की आतली ऊब भर्रकन निघून जाते आणि परत जमायला फार वेळ लागतो. झाकण उघडायचं नाही, हा नियम मी काढलेला नाही. आम्हाला डॉक्टरांनीच तो शिकवला होता.

माझं काम म्हणजे दार धरायचं. चपला बाहेर, हात साबणानं, आणि कामाशिवाय आत कुणी नाही; बाकीच्यांनी व्हरांड्यातून खोलीच्या काचेतून बघायचं. मधूनमधून गोल दारातून हात घालून लेकराच्या तळपायाला बोटाची मागची बाजू लावून बघायची. तळपाय गार लागला की सिस्टरला हाक मारायची. बस. पण हे बस कुणी नीट केलं नाही तर लेकरू हातचं जातं.

माणसं एकेक यायची. धावडा गावाकडचे एक आजोबा काचेपुढं दोनदा फिरले, आतली पेटी न्याहाळली आणि मला म्हणाले, "बाई, ही पेटी घरी न्यायची म्हनलं तं एसटीच्या टपावर बसंल का?"

मी म्हटलं, "बसेल बाबा, पण वायर कुठं लावणार?"

"तेबी खरं हाय," म्हणाले. "लाइट तं आमच्याकडं पावन्यावानी येती."

एका बाईनं खोलीच्या दाराच्या कडीला लिंबू-मिरची बांधली. दुसरा एक बाप रोज येऊन काचेबाहेरून लेकराला गावातल्या बातम्या सांगायचा, कुणाची म्हैस व्याली, कुणाची विहीर आटली. अशा माणसांवर मी कधी चिडले नाही. वेड्या जिवाचा वेडेपणा, त्यानं कुणाचं नुकसान नव्हतं.

चिडले ते तिळ्यांच्या वेळी. कितीतरी वर्षं झाली, पण तो राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

थंडीचे दिवस होते. जाफराबादच्या पुढच्या एका खेड्यातून मीरा नावाची बाई जीपमधून आली. दिवस भरायला अजून पुष्कळ अवकाश होता. पहिलटकरीण. आल्या आल्या तिला ऑपरेशनला घेतलं, आणि एकापाठोपाठ एक तीन लेकरं. जुळी मी ढिगानं पाहिली होती, तिळी पहिल्यांदाच. थोरली मुलगी, मधला मुलगा, आणि धाकली मुलगी. धाकली तर एवढीशी की सिस्टरच्या तळहातावर मावली आणि पाय मनगटावर आले.

आमच्या तीन पेट्यांपैकी एक बंद होती. थोरली आणि मधला एका पेटीत आडवे ठेवले, धाकलीला दुसरी पेटी एकटीला दिली. लेकरांचे डॉक्टर नवीन होते, पोरगेलेसे, पण हात हलका होता. त्यांनी नाकातून बारीक नळी घातली आणि मला म्हणाले, "मावशी, आईचं दूध आणा. डब्याचं नको. थेंबथेंब का होईना, तिचंच आणा."

मीरा खालच्या मजल्यावर. पोट फाडून बाळंतपण झालेलं, टाके ओले. ती वाटीत दूध पिळायची आणि मी ती वाटी पदराखाली झाकून वर न्यायची. पहिले काही दिवस वाटीचा तळसुद्धा झाकायचा नाही.

"मावशी, एवढ्यात काय होनार तिघायचं?"

"एवढंच लागतं त्यांना. पोट त्यांचं बोराएवढं."

"धाकली कशी हाय?"

"तुझ्यासारखी हट्टी."

ती हसायची आणि टाके दुखले म्हणून लगेच तोंड वाकडं करायची. वर येऊन लेकरं बघायची तिला परवानगी नव्हती. दवाखान्याचा नियम होता की बाळंतिणीनं त्या खोलीत यायचं नाही, आणि घरच्यांचाही तोच हट्ट, बारा दिवस बाळंतिणीनं खाटेवरून हलायचं नाही. ज्या आईचं दूध आत चालत होतं, ती आई आत चालत नव्हती. ह्याचाही राग आहेच, पण तो नंतरचा.

मीराची सासू कौसाबाई. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलायला तोंडावर. सासरे म्हणजे आबा, गावातलं मोठं घर, चार माणसं बसता-उठता रामराम करणारी. नवरा विष्णू बापापुढं चकार शब्द बोलायचा नाही.

एकदा सकाळी मी धाकलीच्या पेटीत हात घातला तर लेकराच्या शेजारी दुपट्यात गुंडाळलेलं आणखी एक काहीतरी. डोक्यावर टोपडंसुद्धा. सोडून बघितलं तर दगड. चांगला मूठभर, गुळगुळीत, हळदीकुंकू लावलेला. मी क्षणभर दाराकडं पाठ करून पाणी भरायला गेले होते, तेवढ्यात हे काम झालेलं.

मी दगड घेऊन तशीच बाहेर आले. कौसाबाई व्हरांड्यात बसली होती.

"हे तुम्ही ठेवलं?"

"मंग कोन ठेवनार? तीन कुटं जात असत्यात का? तिघं निघाली तं आपन चौथा दगड संगं घेतो का न्हाई? हे तिघं तं पार दुसरीकडून आल्ते. त्याह्यला चौथा नको?"

आता हे खरं की आमच्याकडं तिघांनी मिळून कुठं निघायचं नाही, निघालेच तर एक खडा खिशात टाकायचा, म्हणजे मोजणी चार होते. माझी आईही टाकायची. पण लेकराच्या पेटीत?

"अहो, ह्या दगडाला नदीची माती आहे. लेकराच्या अंगाला लागली तर जंतू जातील."

"म्या धुऊन आनला."

"कशानं?"

"नदीच्या पान्यानं."

सिस्टर कडाडल्या, तो दगड खिडकीतून बाहेर फेकायला निघाल्या. कौसाबाईनं त्यांचा हात धरला आणि एकदम रडायला लागली. एवढी दांडगी बाई, पण लहान पोरीसारखी रडली. तिला तिची तिन्ही नातवंडं हवी होती, तिच्या डोक्यात तिसऱ्याला राखायचा एवढा एकच उपाय होता. शेवटी पोरगेल्या डॉक्टरांनी तोडगा काढला. दगड साबणानं धुतला, उकळून काढला आणि खोलीच्या आत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, काचेतून बाहेरून दिसेल असा. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता एका खोलीत चौघं झाले की नाही?"

कौसाबाई काचेला नाक लावून म्हणाली, "बराबर झाले."

त्यानंतर तिनं मला कधी त्रास दिला नाही. उलट माझ्यासाठी गावाकडून धपाटे आणायची.

लेकरं सुधारत होती. थोरली आणि मधला बोंडल्यानं दूध घ्यायला लागले. धाकलीची नळी अजून होती, पण तिच्या ओठाला दुधात भिजवलेला कापूस लावला की ती चोखायची. पहिल्यांदा चोखलं तेव्हा मी खाली धावत जाऊन मीराला सांगितलं. ती म्हणाली, "किती वेळ चोखलं? डोळे उघडे व्हते का मिटेल?" मला तिनं तीन वेळा तेच सांगायला लावलं.

आता घोळ झाला तो आबांच्या कौतुकानं. आबांना वाटलं, आपल्या घरी तिळी झाली म्हणजे हा सगळ्या गावाचा मान आहे. आमच्याकडं लेकराचं तोंड बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत आणि आलेल्या माणसाला तोंड न दाखवता परत पाठवत नाहीत. आबांनी जीप लावून दिली. जीप भरून माणसं यायची आणि काचेपुढं गर्दी. कुणी काचेवर नारळ टेकवतंय, कुणी पेटीकडं बघून हात जोडतंय. मी दाराला पाठ लावून उभी.

"बाई, जरा आत जाऊ द्या ना. लांबून दिसून न्हाई राह्यलं."

"दिसतंय तेवढं बघा."

"आमी जाफराबादहून आलो."

"लेकरं तुमच्यापेक्षा लांबून आली आहेत. त्यांना थकवा आहे."

"मावशी लई टनक हाय," म्हणून माणसं हसायची आणि जायची. दार मी सोडलं नाही. आबांनासुद्धा चपला काढायला लावल्या. चिडले, पण काढल्या.

मग मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. मोठे साहेब म्हणजे दवाखान्याचे मुख्य डॉक्टर. निवडणूक जवळ आली होती आणि भागातले एक पुढारी तिळी बघायला येणार होते. बरोबर पेपरवाले. साहेब म्हणाले, "मावशी, खोली चकाचक पाहिजे. आणि खिडकीतला तो धोंडा उचला. लोक काय म्हणतील, दवाखाना आहे का देऊळ."

मी दगड फडताळात ठेवला. साहेबांचा हुकूम होता, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढारी आले ते दहा-बारा माणसं घेऊन. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "साहेब, चपला. आणि आत एक-दोघांनीच."

मोठे साहेब हळूच म्हणाले, "मावशी, बाजूला व्हा."

माझी बारा वर्षांची सवय ती, मी बाजूला झाले नाही. तेव्हा त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला केलं. सगळे आत शिरले. पुढारी बुटांसकट. थंडी अशी की व्हरांड्यातला वारा अंगाला बोचत होता, आणि दार सताड उघडं.

पेपरवाला म्हणाला, "काचेतून फोटो चमकतो. जरा बाहेर घ्या ना. सगळ्यात बारकं कोणतं? ते द्या साहेबांच्या हातात."

पोरगेले डॉक्टर म्हणाले, "सर, तिला नको. थोरलीला घ्या हवं तर, तीसुद्धा नको खरं म्हणजे."

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. डॉक्टर मागं सरले. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं झाकण उघडलं आणि धाकलीला पुढाऱ्याच्या तळहातांवर ठेवलं. दुपटं बाजूला केलं, किती लहान आहे ते दिसावं म्हणून. पहिला फोटो नीट आला नाही म्हणून दुसरा काढला, मग आबांना शेजारी उभं करून तिसरा. आबा फेट्याचा तुरा सारखा करत होते. त्यांना काय माहीत. ते खुशीत होते.

धाकली रडली नाही. हीच वाईट खूण. गारठलेलं लेकरू रडत नाही, रडायलासुद्धा ऊब लागते.

ते गेल्यावर मी तळपायाला बोट लावलं. पाण्यातल्या खड्यासारखा पाय. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले. पेटी तापवली, कापूस गुंडाळला, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. त्यात लाइट गेली. डॉक्टरांनी धाकलीला स्वतःच्या शर्टाच्या आत छातीशी धरलं आणि लाइट येईपर्यंत खुर्चीवर तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तिनं श्वास धरला-सोडला, धरला-सोडला, आणि दुपारी सोडला तो सोडलाच.

मी भोळी नाही. एवढी लहान लेकरं तशीही जातात. झाकण उघडलं नसतं तरी ती गेली असती, असं कुणी म्हटलं तर मी शपथेवर नाही म्हणू शकत नाही. पण ती चोखायला लागली होती. तिचं तिला जगू किंवा मरू द्यायला पाहिजे होतं, फोटोसाठी बाहेर काढायला नको होतं.

खरा संताप पुढं आहे. कौसाबाई वर आली. आधी तिनं लेकराकडं बघितलं, मग खिडकीकडं. कट्टा रिकामा. तिनं माझ्याकडं बोट केलं.

"ह्या बाईनं चौथा उचलला. म्हनून तिसरी गेली."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मोठे साहेब पुढं झाले. हात जोडले आणि मऊ आवाजात म्हणाले, "आजी, चूक झाली. दगड हलवायला नको होता. आमच्या लोकांना कळलं नाही."

ज्या माणसानं त्याला धोंडा म्हटलं होतं, देऊळ आहे का म्हणून विचारलं होतं, तोच आता दगडापुढं मान झुकवत होता. दगड त्याच्या कामाला आला. झाकणाबद्दल आता कुणी विचारणार नव्हतं. कौसाबाईची भाबडी समजूत त्यानं उचलली आणि स्वतःच्या अंगावर पांघरली. माणूस अडाणी असला तर त्याला शिकवता येतं. हे शिकलेलं होतं, ह्याला काय शिकवणार?

सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, गप राहा. नोकरी जाईल." डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. फोटो पेपरात छापून आला. पुढाऱ्यानं कबूल केलेला जनरेटरही आला, त्याच्या नावाच्या पाटीसकट. खोटं कशाला बोलू, त्या जनरेटरवर पुढं खूप लेकरं तरली. साहेबांना तोच हवा होता, त्यासाठीच झाकण उघडलं गेलं होतं. पण लाइट गेली आणि तो धडधडायला लागला की प्रत्येक वेळी माझे दात एकमेकांवर आवळले जायचे.

दोन्ही लेकरं घरी जाण्याइतकी झाली तेव्हा निघायच्या दिवशी मी त्यांना गुंडाळत होते. मीरा खाटेवर बसली होती. शेजारी कौसाबाई बोचकं बांधत होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नव्हती.

मीरा म्हणाली, "मावशी, समदे म्हनत्यात दगडामुळं गेली. तुमी तिथंच व्हत्या. तुमी सांगा."

मला नोकरीची आठवण झाली, नाही असं नाही. घरात मिळवणारी मी एकटी. पण त्या पोरीनं वाटी वाटी दूध वर पाठवलं होतं आणि लेकरू जिवंत असताना तिला एकदासुद्धा हातात घेता आलं नव्हतं. पुढाऱ्यानं घेतलं होतं.

मी सांगितलं. दार, बूट, झाकण, तीन फोटो, लाइट, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी नको म्हटलेलं सांगितलं, छातीशी धरलेलंही सांगितलं. कौसाबाईचा हात बोचक्याच्या गाठीवर तसाच राहिला.

मीरानं सासऱ्यांचं विचारलं, "मामा व्हते तिथं?"

"होते. पण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

"तुमाला तं दारातून हटवलं म्हन्ता."

"हो."

ती रडली नाही. थोरलीचं टोपडं तिनं कानांवरून खाली ओढलं, नीट बांधलं, आणि उठली.

खाली जीप उभी होती, मागून उघडी, ताडपत्रीची. आबा फेटा बांधून तयार. म्हणाले, "चला जल्दी. आधी मारुतीच्या पारावर थांबू. गाव जमलंय, वाजंत्री बोलावलेत. समद्याह्यला एकेकदा तोंड दाखवू अन् मंग घरी."

"पारावर न्हाई, मामा," मीरा म्हणाली. "सरळ घरी."

सासऱ्यापुढं ती पहिल्यांदाच बोलली असावी, कारण विष्णू दचकून बघायला लागला.

"अगं, लोकं कामधंदा सोडून थांबलेत."

"थांबू द्या. कुनाच्या हातात द्यायचं न्हाई अन् कुनाला दाखवायचं न्हाई. थंडी सरंस्तवर."

आबा गोंधळले. त्यांनी कौसाबाईकडं बघितलं, आता ही सुनेला दटावेल म्हणून. मलाही तेच वाटलं. कौसाबाईनं बोचकं आत टाकलं, मीराला दोन्ही लेकरांसकट सगळ्यात आतल्या कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः उघड्या बाजूला येऊन बसली, दार अडवून, पाठ रस्त्याकडं करून. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. चूक झाली, असंही म्हणाली नाही. पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही हातांनी असा ताणून धरला की आतलं काहीच दिसेना.

आबा तरी वाकून आत डोकवायला लागले.

"तुमी फुडं बसा," कौसाबाई म्हणाली. "अन् मागं वळून बघू नका. वारा शिरतो."